मावळातली वीज, जुन्नरचे आकाश आणि आपली मुले

१९८२ सालची रमजान ईद जुलै महिन्यात, भर पावसाळ्यात आली होती. ज्याने लोणावळ्यात एक जरी पावसाळा काढला आहे, त्याला सांगायला नको की जुलैत तिथे चाँद दिसण्याचा प्रश्नच नसतो. जिथे समोरच्या गल्लीतला दिवा धुक्यात गडप होतो, तिथे नव्या चंद्राची कोर कुठून दिसणार? तरीही मगरिबनंतर आम्ही पोरे पत्र्याच्या पडवीत उभी राहून खंडाळ्याच्या बाजूला डोळे लावून बसायचो. शेवटी मुंबईहून खबर यायची आणि मोहल्ल्यात एकदम गलका व्हायचा. आमची दादी मात्र शांतपणे म्हणायची, "चाँद तो अपनी जगा पेच है रे, अपने कोच दिखता नै."

पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागलो तेव्हा ध्यानात आले की शाळेचे तोंडही न पाहिलेल्या दादीने किती मोठी गोष्ट सांगितली होती. दिसत नाही म्हणजे नाही असे नव्हे. ढगांच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे आकाश पाहण्याची विद्या विसाव्या शतकात जन्माला आली आणि तिचे एक मोठे केंद्र आपल्याच पुणे जिल्ह्यात उभे राहिले. या विद्येचा आपल्या भागातला इतिहास काय, तो कोणी घडवला आणि त्यात आपली मुले कुठे आहेत, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

पाण्यातून आलेले विज्ञान

मावळात आधुनिक विज्ञान पुस्तकांतून आले नाही. ते आधी रुळांवरून आले आणि मग पाण्यातून. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि मुंबई व पुणे घाटाने जोडली गेली. पुढे टाटांनी मावळातल्या पावसाकडे पाहिले. १९११ साली लोणावळ्यात धरणाच्या कामाचा पाया घातला गेला. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी अडवून ते सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचे आणि त्या जोरावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. १९३० पर्यंत कल्याण ते पुणे गाड्यादेखील विजेवर धावू लागल्या होत्या. आपल्या अंगणात पडलेल्या पावसाने शंभर किलोमीटरवरच्या मुंबईत दिवे लागत होते.

या प्रकाशाची किंमतही सांगितली पाहिजे. शेजारच्या मुळशी पेट्यात याच कामासाठी धरण बांधायचे ठरले, तेव्हा तिथल्या मावळ्यांच्या भातखाचरांवर पाणी फिरले. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. तो यशस्वी झाला नाही. धरण झाले आणि माणसे उठली. विज्ञानाचा इतिहास लिहिताना धरणाखाली गेलेल्या शेताचे पान फाडून टाकता येत नाही.

त्याच टाटा घराण्यातल्या सर दोराबजींच्या नावाने निघालेल्या ट्रस्टला मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी एक पत्र लिहिले. भौतिकशास्त्रातल्या मूलभूत संशोधनासाठी आपल्याच देशात संस्था हवी, म्हणजे उद्या अणुऊर्जेसाठी माणसे शोधायला परदेशात जावे लागणार नाही, असा त्याचा आशय होता. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि लवकरच ती मुंबईत आली. विजेच्या तारांनी मुंबई आणि मावळ आधीच जोडले होते. आता मुंबईतून घाटावर येणारी दुसरी एक वाट तयार होणार होती.

कल्याणच्या बत्तीस तबकड्या

१९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी देशातल्या विज्ञानधुरीणांना पत्र लिहिले. आम्ही चौघे एकत्र परत यायला तयार आहोत, काम करायला जागा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. भाभांनी लगेच होकार कळवला. त्या चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ साली अमेरिकेतून परतले आणि टाटा संस्थेत रुजू झाले.

हाताशी काय होते? ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिलेल्या, जेमतेम सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या. त्या दिल्लीत नुसत्या पडून होत्या. स्वरूप यांनी त्या मागवून घेतल्या आणि कल्याणजवळ मोकळ्या जागेत ओळीने उभ्या केल्या. १९६५ साली त्यांतून सूर्याच्या रेडिओ लहरींचा अभ्यास सुरू झाला. ही देशातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण. तिच्यावर राबणारे हात कोणाचे होते? विजय कपाही यांच्यासारख्या विशीतल्या पोरांचे. यांतल्या अनेकांनी त्याआधी रेडिओ दुर्बीण डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. दुर्बीण कशी चालते हे ते ती बांधता बांधता शिकले.

आपल्याकडे याला शागिर्दी म्हणतात. गॅरेजमधला पोरगा आधी पाने हातात द्यायला शिकतो, मग इंजिन उघडायला शिकतो. कल्याणला हेच झाले, फक्त इंजिन सूर्याचे होते.

या मंडळींनी पुढची उडी उटीला घेतली. विषुववृत्ताकडे असलेल्या आपल्या देशाच्या स्थानाचा फायदा घेऊन, जमिनीचा उतार पृथ्वीच्या अक्षाशी जुळेल अशी टेकडी त्यांनी शोधली आणि तिच्यावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण बांधली. १९७० साली ती कामाला लागली. तिची पद्धत वाचली तेव्हा मला दादीची आठवण आली. चंद्र आकाशात सरकताना दूरच्या एखाद्या रेडिओ स्रोताच्या आड येतो. तो स्रोत नेमका कसा झाकला जातो आणि कसा पुन्हा उघडा होतो, हे मोजले की त्याचा आकार कळतो. जो चाँद दिसला की नाही यावरून आपल्याकडे दरवर्षी वाद होतो, त्याच चाँदचा पडदा करून या तरुणांनी अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या शेकडो वस्तूंची मापे घेतली. त्यासाठी चंद्र कोणत्या क्षणी कुठे असेल हे त्यांना आधीच अचूक ठाऊक असावे लागत होते, आणि ते होते.

भिंतीला भिंत लागून दोन मते

आता या गोष्टीतला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग सांगतो.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी होते. विश्वाला आरंभ नाही, ते नेहमी साधारण असेच होते आणि असेच राहील, हा स्थिर स्थितीचा सिद्धांत हॉईल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९४८ मध्ये मांडला होता. महास्फोटाची कल्पना त्यांना मान्य नव्हती. नारळीकरांनीही गुरूची ही बाजू पुढे नेली. १९७२ साली ते भारतात परतले आणि टाटा संस्थेत प्राध्यापक झाले.

त्याच संस्थेत उटीच्या दुर्बिणीवरची निरीक्षणे जमा होत होती. १९७५ मध्ये गोविंद स्वरूप आणि कपाही यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दूरचे, म्हणजेच फार पूर्वीचे रेडिओ स्रोत आजच्यासारखे नाहीत, विश्व काळाबरोबर बदलत आले आहे, असे ते सांगत होते. याचा सरळ अर्थ, ही निरीक्षणे नारळीकरांच्या मताच्या विरोधात जात होती. एकाच संस्थेत एका नामवंत प्राध्यापकाच्या सिद्धांताला तिथलाच एक तरुण संशोधक धक्का देत होता.

मग काय झाले? भांडण झाले का? कोणी कोणाला संस्थेबाहेर काढले का? तसे काही झाले नाही. वाद शोधनिबंधांत आणि चर्चासत्रांत झाला. नारळीकरांनी आपले मत सोडले नाही. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह सिद्धांताची सुधारलेली मांडणी केली आणि महास्फोटाविषयीची शंका अखेरपर्यंत कायम ठेवली. जगातल्या बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही, पण त्यांचा मान कमी झाला नाही.

याहून बोलके उदाहरण पुढे आहे. १९८८ साली नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था उभारली. तिच्याच शेजारी गोविंद स्वरूप यांच्या गटाचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र उभे राहिले आणि कपाही पुढे त्या केंद्राचे संचालक झाले. विश्वाला आरंभ आहे आणि नाही अशी दोन मते बाळगणारी माणसे शेजारी म्हणून नांदली. एवढेच नव्हे, दोन्ही संस्थांत पीएच.डी. करायला येणारी मुले पहिले वर्ष एकाच वर्गात बसून शिकू लागली. १९९९ मध्ये कपाही, २०२० मध्ये स्वरूप आणि २०२५ मध्ये नारळीकर हे जग सोडून गेले. त्यांचा हा शेजारधर्म त्यांच्या शोधांइतकाच मोठा वारसा आहे, असे मला वाटते.

त्रिएस्तचा उस्ताद

याच हॉईल यांचा आणखी एक विद्यार्थी होता, आणि त्याच्याविषयी आपण बोलायलाच हवे.

पंजाबातल्या झंग या लहान गावातला अब्दुस सलाम हा मुलगा लाहोरच्या कॉलेजात शिकत असताना, १९४३ साली त्याचा पहिला शोधनिबंध छापून आला. विषय होता रामानुजन यांचे एक गणित. मद्रासकडच्या एका ब्राह्मण कारकुनाने मांडलेला प्रश्न झंगचा एक मुसलमान विद्यार्थी सोडवतो, आणि या सगळ्यात ज्ञानाखेरीज कोणाला काही विचारले जात नाही! १९४६ मध्ये सलाम केंब्रिजला गेले. तिथे हॉईल यांनी त्यांना सल्ला दिला की नुसते गणित पुरे नाही, वर्षभर प्रयोगशाळेत घाम गाळ. सलाम यांनी तो मानला.

१९५१ साली ते लाहोरला परतले. संशोधन करणारा माणूस, पण सोबतीला दुसरा कोणी नाही, नवी नियतकालिके नाहीत आणि संशोधनाला मोल नाही. कॉलेजने त्यांच्याकडे फुटबॉल संघाची जबाबदारी दिली. तीन वर्षांत, १९५४ साली, ते जड मनाने पुन्हा केंब्रिजला गेले. देश किंवा भौतिकशास्त्र यांतले एकच निवडायची वेळ आपल्यावर आली, ती पुढच्या पिढीतल्या कोणावर येऊ नये, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यातून १९६४ साली इटलीतल्या त्रिएस्त शहरात सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे राहिले. गरीब देशांतल्या प्राध्यापकांनी दर काही वर्षांनी तिथे यावे, काही आठवडे किंवा महिने राहावे, ग्रंथालय आणि चर्चा यांनी ताजेतवाने होऊन आपल्या देशात परत जावे, अशी सहयोगी सदस्यत्वाची योजना त्यांनी काढली.

आयुकातली सहयोगी योजना पाहिली की तिच्यावर त्रिएस्तची छाया स्पष्ट दिसते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या कॉलेजात एकटा पडलेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आयुकात येतो, तिथल्या खोलीत राहतो, संगणक आणि ग्रंथालय वापरतो, जेवणाच्या टेबलावर वाद घालतो आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना काम देतो. एका उस्तादाच्या दोन शागिर्दांनी दोन देशांतून एकच धडा घेतला होता. अक्कल कितीही असली तरी एकट्याने विज्ञान होत नाही, त्याला जमात लागते.

१९७९ साली सलाम यांना ग्लाशो आणि वाइनबर्ग यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातले क्षीण बल ही मुळात एकाच बलाची दोन रूपे आहेत, हे त्यांच्या सिद्धांताने दाखवले. १९८१ मध्ये ते भारतात आले तेव्हा लाहोरला आपल्याला गणित शिकवणाऱ्या अनिलेंद्र गांगुली या गुरूंना शोधत कलकत्त्याला गेले आणि आजारी, वृद्ध गुरूंच्या हाती ते पदक ठेवले. फाळणीने त्या गुरूला लाहोरहून उखडले होते, पण शागिर्दाच्या मनातून काढले नव्हते.

आणि त्यांच्या स्वतःच्या देशाने काय केले? १९७४ साली घटनादुरुस्ती करून त्यांच्या अहमदिया जमातीला बिगरमुस्लिम ठरवले. १९९६ मध्ये सलाम यांचे निधन झाल्यावर त्यांच्या कबरीच्या शिळेवरचा 'मुस्लिम' हा शब्द पुसून टाकण्यात आला. अहमदिया पंथाविषयीची धर्मशास्त्रीय चर्चा हा या लेखाचा विषय नाही आणि माझा तो अधिकारही नाही. मला फक्त दोन चित्रे शेजारी ठेवायची आहेत. एकीकडे विश्वाच्या आरंभाविषयी टोकाचे मतभेद असूनही भिंतीला भिंत लावून राहिलेल्या पुण्यातल्या दोन संस्था, आणि दुसरीकडे थडग्यावरचा एक शब्द सहन न झालेला समाज. ज्ञान कोणत्या अंगणात रुजेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आपण आपल्या सभांतून इब्न अल्-हैसमचे नाव अभिमानाने घेतो. अब्दुर्रहमान अल्-सूफीने इसवी सन ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात आकाशातल्या एका 'लहानशा ढगा'ची नोंद केली. त्याला आज आपण देवयानी दीर्घिका म्हणतो. रोहिणी नक्षत्रातल्या ताऱ्याला सारे जग अल्दबरान या अरबी नावाने ओळखते. हे सगळे खरे आहे आणि आपल्या मुलांना माहीत असायलाही हवे. पण हजार वर्षांपूर्वीच्या आजोबांची पगडी दाखवून आजच्या नातवाचे डोके झाकत नाही.

जुन्नरचे आकाश

गोविंद स्वरूप यांचे मोठे स्वप्न पुणे जिल्ह्यातच पुरे झाले. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जी.एम.आर.टी., उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. त्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटर आहे. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याने उलथली असती आणि खर्चही परवडला नसता. म्हणून दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवायची युक्ती स्वरूप यांनी काढली. वारा जाळीतून निघून जातो आणि लांब लहरी मात्र परावर्तित होतात. ऑक्टोबर २००१ मध्ये टाटा संस्थेच्या परिषदेचे अध्यक्ष रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण जगातल्या संशोधकांना अर्पण करण्यात आली.

मावळात अशी दुर्बीण बसवता आली नसती. कारण सोपे आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की विजेच्या तारेवरची ठिणगी, गाडीचे इंजिन किंवा मोबाइलचा मनोरा यांच्या गोंगाटात त्या बुडून जातात. त्यासाठी डोंगरांच्या आडोशाची, कारखान्यांपासून दूर असलेली जागा लागते. मावळात रेल्वे आहे, उच्चदाबाच्या वाहिन्या आहेत, द्रुतगती मार्ग आहे. ज्या विजेने आपल्याला आधुनिक केले, तिनेच आपले आकाश बहिरे केले. जुन्नरने मात्र आपली शांतता जपली आणि जगाला दिली.

त्या शांततेत विद्यार्थ्यांनी काय ऐकले? एकच उदाहरण देतो. २०२० साली आदित्य चौधुरी या पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने आपले मार्गदर्शक निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि इतर सहकारी यांच्यासह आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजला. ते काम 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा आवाज यंत्राच्या खरखरीपेक्षाही बारीक असतो. तो ऐकूच येत नाही. म्हणून त्यांनी सात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. खरखर इकडेतिकडे विस्कटलेली असल्याने ती एकमेकींना खोडत गेली आणि हायड्रोजनचा सूर उमटला. एकट्याचा आवाज पोचत नाही तिथे अनेकांचा मिळून पोचतो. हे आकाशाला लागू आहे तसे आपल्यालाही लागू आहे.

२०१७ साली पुण्यातल्या संशोधकांनी चार अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांच्या प्रचंड महासमूहाला 'सरस्वती' हे नाव दिले. त्यातही एका संशोधक विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता. २०२५ मध्ये राशी जैन या विद्यार्थिनीने योगेश वाडदेकर यांच्यासोबत, विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असताना तयार झालेली एक सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला 'अलकनंदा' हे नाव मिळाले. ही सारी पंचविशी-तिशीतली मुले आहेत. त्यांचे दिवस हॉस्टेल, खानावळ, न चालणारा प्रोग्रॅम आणि रात्री उशिराचा चहा यांत जातात. मोठे शोध अशाच दिवसांतून निघतात.

"हे शिकून काय होणार?"

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला दुर्बीण सर्वांसाठी खुली होते आणि आसपासच्या शाळा आपापले प्रयोग मांडतात. काही वर्षांपूर्वी आम्ही मावळातली तीसेक मुले घेऊन तळेगाव, चाकण, मंचर असे करत तिथे गेलो. दारातच मोबाइल बंद करायला सांगितले. मुले हिरमुसली. फक्त एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आपण गप्प बसल्याशिवाय ते बोलत नाही?" तिचे वडील कामशेतकडे गाड्या दुरुस्त करतात. ती दिवसभर तबकडीखाली उभी राहून तिथल्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारत राहिली.

बारावीनंतर तिने बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतले. एम.एस्सी.ची वेळ आली तेव्हा तिचे अब्बा माझ्याकडे आले. त्यांचा विरोध नव्हता, त्यांना काळजी होती. "सर, फार्मसी केली तर दुकान तरी टाकता येईल. हे शिकून काय होणार? आणि एवढी वर्षे खर्च कुठून आणू?" मी त्यांना जुनाट म्हणून हिणवू शकलो नाही. हातावर पोट असलेल्या बापाचा हा प्रश्न आहे आणि त्याला आकडे देऊनच उत्तर द्यायला हवे.

आकडे आधी आपल्याविषयीचे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, म्हणजे राज्याच्या ७६.९ टक्के सरासरीपेक्षा थोडी जास्तच. मुले शाळेत घालत नाहीत, हा आपल्यावरचा आरोप निदान महाराष्ट्रापुरता खोटा आहे. पण २००६ च्या सच्चर समितीने देशभरातल्या नामवंत महाविद्यालयांविषयी सांगितले की तिथे पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या ५० विद्यार्थ्यांत एक मुसलमान आहे. म्हणजे आपण दारापर्यंत पोचतो, पण आत जाताना गळतो. सच्चर समितीनंतर २००९ मध्ये अल्पसंख्याक संशोधकांसाठी मौलाना आझाद फेलोशिप सुरू झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचे सरकारने जाहीर केले. ही तक्रार रास्त आहे आणि ती मांडत राहिले पाहिजे.

पण तक्रारीपाशी थांबून चालणार नाही, कारण दुसराही एक आकडा आहे आणि तो आपल्या घरांत कोणालाच ठाऊक नसतो. मूलभूत विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याला फी भरत बसावे लागत नाही. उलट त्यालाच दरमहा विद्यावेतन मिळते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये झाली. मी हा आकडा सांगितला तेव्हा तिच्या अब्बांनी दोनदा विचारले, "शिकायचे पैसे? मिळतात?" नोकऱ्या थोड्या आहेत, स्पर्धा कठीण आहे, पाच-सहा वर्षे चिकाटी लागते, हेही मी लपवले नाही. पण ज्या दाराला कुलूप आहे असे समजून आपण पिढ्यान् पिढ्या मागे फिरतो, ते दार मुळात नुसते लोटलेले असते.

इथे जमातीचे काम सुरू होते. मोहल्ल्यात लग्नाचे हॉल बांधले जातात, ते जरूर बांधावेत. पण एखाद्या मशिदीशेजारी, एखाद्या शादीखान्याच्या वरच्या मजल्यावर चार टेबले, एक संगणक आणि प्रवेशपरीक्षांची माहिती देणारा एक माणूस का नसावा? रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना पुण्यात शिकणाऱ्या दोन मुलींच्या खोलीभाड्याची आठवण का होऊ नये? सलाम यांना लाहोरमध्ये पैशांपेक्षा सोबतीची उणीव भासली होती. आपल्या मुलांनाही तीच भासते. घरात कोणी पीएच.डी. नाही, गल्लीत कोणी नाही, विचारायचे कोणाला? नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, सहीनिशी उत्तर देईन, असे सांगत. एका पोस्टकार्डाने एखाद्या खेड्यातल्या मुलाला जमात मिळत होती. आज आपल्यातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाने एवढे तरी करायला काय हरकत आहे?

ती मुलगी आज पुण्यात एम.एस्सी. करते आहे. पुढे संशोधनाला प्रवेश मिळेल की नाही, हे तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. मागच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा पाऊस लागला होता. डोंगर दिसत नव्हता, रस्ता दिसत नव्हता. माझ्या पडवीत बसून ती वहीत काढून दाखवत होती की हायड्रोजनची लहर ढगातून कशी आरपार येते. तिचे अब्बा छत्री मिटून दारात उभे होते. त्यांना त्यातले फारसे कळत नसावे, पण ते ऐकत होते. बाहेर काही दिसत नव्हते, आणि मला पुन्हा दादीचे वाक्य आठवले. चाँद तो अपनी जगा पेच है.